अक्षरे बिघडली की हरवली?

बी. कॉम. द्वितीय वर्ष

गेल्या वर्षीच्या आपल्या अंकात मराठी विभागाच्या शेवटच्या पानावर कॉलेजचे बोधचिन्ह मोठे करून छापले होते, हे काही वाचकांच्या लक्षात असेल. पान मोकळे दिसू नये म्हणून केलेली ती योजना होती. खरे तर त्या पानावर खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून रोज बसने येणाऱ्या, प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा लेख यायचा होता. पावसाळ्याचे चार महिने तिची आजी घरात काय काय करीत बसते, एवढाच विषय. पण लेख चांगला उतरला होता. तिने तो मोबाईलवर टाइप करून अंकाच्या ई-मेलवर पाठवला. मी तो उघडला, एकदा वाचला, आणि छापखान्यात पोचण्यापूर्वीच नाहीसा केला.

झाले ते असे. छापखान्याला सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये हवा होता. कॉलेजच्या संगणकावर आदल्या वर्षाची तशी एक फाइल तयारच होती. तिच्यातला मजकूर पुसून मी हा लेख तिथे डकवला आणि फाइल साठवण्याची आज्ञा दिली. संगणकाने इशारा दिला की या मजकुरात युनिकोड अक्षरे आहेत, फाइल अशीच साठवल्यास ती नष्ट होतील. इशारा इंग्रजीत होता. माझे सारे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झालेले, आणि संगणकावर इंग्रजी चौकट उघडली की न वाचता 'ओके' दाबायचे ही तेव्हापासूनची सवय. ओके दाबले. पडद्यावर लेख मराठीतच दिसत राहिला, म्हणून निर्धास्तपणे फाइल बंद केली. पुढे खात्यातली जागा भरत आली तेव्हा जुनी पत्रे काढून टाकली. कचरापेटीही तीस दिवसांनी आपोआप रिकामी झाली. छापखान्याचा फोन आला तो त्यानंतर. फाइल उघडली, तर आत नुसती प्रश्नचिन्हे! शब्दांमधल्या मोकळ्या जागा जागच्या जागी, स्वल्पविराम आणि पूर्णविराम शाबूत, आणि बाकी सगळीकडे प्रश्नचिन्हे. त्या मुलीकडे दुसरी प्रत नव्हती. लेख तिने भावाच्या खात्यावरून पाठवला होता, आणि भावाने नवा मोबाईल घेताना ते जुने खातेच बंद करून टाकले होते.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. तेव्हा जाणकार प्राध्यापकांनी चूकभूल देणे-घेणे करावी.

मुळात संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे समजायला जड जाऊ नये. रोजमेळात नोंदीपुढे खतावणीचे पान लिहिलेले असते. समजा, रोजमेळात नुसते पानांचे आकडेच आहेत, नावे नाहीत. मग कोणते पान कोणाच्या खात्याचे, हे खतावणीची अनुक्रमणिका उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. आता एखाद्या नव्या कारकुनाने चुकून शेजारच्या दुकानाची अनुक्रमणिका हाती घेतली, तर किराणावाल्याची उधारी दूधवाल्याच्या नावावर दिसू लागेल. आकडे सगळे बरोबर, नावे सगळी चुकीची. ई-मेलमधली अक्षरे बिघडतात ती बहुतेक वेळा याच प्रकारे.

अशा अनुक्रमणिका संगणकाच्या जगात अनेक होऊन गेल्या. अमेरिकेत १९६३ साली ठरलेली 'आस्की' ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात ० ते १२७ एवढेच आकडे; त्यांत इंग्रजीची लहान-मोठी लिपी, अंक आणि विरामचिन्हे बसली आणि काम भागले. पुढे १२८ ते २५५ हे आकडे मोकळे आहेत असे पाहून प्रत्येक प्रदेशाने तिथे आपापली अक्षरे मांडली. पश्चिम युरोपीय भाषांसाठी मायक्रोसॉफ्टने केलेली 'विंडोज-१२५२' ही अशीच एक अनुक्रमणिका; आपल्या घोटाळ्यात तीच पुन्हा पुन्हा भेटते. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' ही प्रमाण केली. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना एका वहीत घेणारे 'युनिकोड' प्रथम प्रसिद्ध झाले आणि भारतीय लिप्यांची मांडणी त्याने इस्कीच्याच धर्तीवर केली. युनिकोडात 'म' चा क्रमांक २३५० आहे. हा आकडा २५५ च्या वर गेल्यामुळे एका घरात मावत नाही. त्यासाठी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये 'यूटीएफ-८' ही युक्ती काढली. न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर तिचे पहिले टिपण झाले. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एकच आकडा लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४.

हे तीन आकडे घेऊन ई-मेल निघते. पत्राच्या माथ्यावर, आपल्याला सहसा न दिसणाऱ्या भागात, 'कॅरसेट' या शब्दापुढे अनुक्रमणिकेचे नाव लिहिलेले असते. ते नाव गळाले किंवा चुकले, तर पत्र वाचणारा प्रोग्राम अंदाज करतो, आणि अंदाज करताना तो बहुधा विंडोज-१२५२ उघडतो. मग एका 'म' च्या जागी तीन चिन्हे उमटतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', चार बाजूंना टोके फुटलेले लहानसे वर्तुळ (ही कोणत्याही चलनासाठी वापरायची सर्वसाधारण खूण), आणि वर्तुळात बसवलेला 'आर', म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्ह. 'मराठी' हा शब्द घ्या. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी, अशा पाच खुणा, प्रत्येकी तीन आकडे, एकूण पंधरा चिन्हे. त्यांत 'म' चे व्यापारचिन्ह, 'र' ची तापमानाच्या अंशाची खूण, कान्याचा पाऊण अपूर्णांक, आणि वेलांटीच्या वाट्याला जपानचा येन व युरोपचा युरो! आमच्या शाखेचा याहून मोठा सत्कार कोणी केला नसेल. जपानी लोकांनी या प्रकाराला 'मोजिबाके' असे नाव दिले आहे. अक्षरांनी रूप पालटणे, असा त्याचा अर्थ.

इथे मला सर्वांत मौजेची वाटलेली गोष्ट सांगतो. ती आपल्यासारख्या दोन भाषांच्या अंकातच शोभावी. कन्नड विभागाचे काम पाहणाऱ्या माझ्या मित्राकडेही अशी बिघडलेली पत्रे येत. आम्ही दोघांनी आपापली पत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींत तो तिरक्या रेघेचा 'ए' होता. पण आमच्याकडे त्याच्यापुढे चलनाची खूण किंवा येन, तर त्यांच्याकडे वर चढवलेला बारीक २ किंवा ३, बीजगणितात वर्ग आणि घन दाखवतो तसा. तिसरे चिन्ह मात्र कित्येक ठिकाणी दोघांचे एकच! मराठी 'म' २२४, १६४, १७४. कन्नड 'म' २२४, १७८, १७४. दोन्ही लिप्यांची मांडणी इस्कीच्याच साच्यातली असल्यामुळे बहुतेक अक्षरांचे तिसरे आकडे जुळतात. युनिकोडातला मराठी अक्षराचा क्रमांक घ्या, त्यात ८९६ मिळवा, की तेच कन्नड अक्षर हाती येते. 'क' ला 'क', 'म' ला 'म', आणि आपल्या दोघांचा आवडता 'ळ' त्याला 'ळ'. त्यामुळे एक अक्षरही वाचता येत नसताना, समोरचा कचरा मराठीचा आहे की कन्नडचा, हे आता आम्ही दुसरे चिन्ह पाहून सांगतो. मित्राचे म्हणणे, "तुमच्यात पैसा, आमच्यात गणित!"

असो. अशा कचऱ्याला घाबरण्याचे कारण नाही, हा यातला मुख्य मुद्दा. तो दिसायला भयंकर असला तरी आकडे जागेवर असतात. योग्य अनुक्रमणिका उघडली की अक्षरे परत येतात. प्रथम मूळ पत्राला हात न लावता त्यातच दुरुस्ती होते का ते पाहावे. थंडरबर्ड या प्रोग्राममध्ये 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' अशी आज्ञाच आहे. जीमेलमध्ये पत्राच्या कोपऱ्यातील तीन टिंबांखाली 'शो ओरिजिनल' असते. तिथून मूळ पत्र माथ्यासकट उतरवून घेता येते आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडता येते. यातले काहीच हाती नसेल तर कचरा नोटपॅडमध्ये डकवावा, साठवताना 'एएनएसआय' निवडावे, आणि तीच फाइल पुन्हा उघडताना 'यूटीएफ-८' सांगावे. ज्या चुकीच्या दाराने अक्षरे बाहेर पडली, त्याच दाराने ती माघारी येतात. कचऱ्यात डोक्यावर नागमोडी रेघ असलेला किंवा टोपी घातलेला मोठा 'ए' जागोजागी दिसत असेल, तर मजकूर दोनदा बिघडला आहे असे समजावे, आणि हीच क्रिया दोनदा करावी.

तथापि डकवण्याच्या या मार्गात थोडी गळती होऊ शकते. 'ठ' चा तिसरा आकडा १६०. विंडोज-१२५२ मध्ये त्याचा अर्थ ओळ न तोडणारी मोकळी जागा. ही जागा डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळ प्रोग्राम तिला साधी मोकळी जागा समजून बदलून टाकतात. हलन्ताची गत याहून वाईट. त्याचा तिसरा आकडा १४१, आणि या आकड्यापुढे त्या अनुक्रमणिकेत काहीच लिहिलेले नाही. कोणी प्रोग्राम तो अदृश्य खूण म्हणून जपतो, कोणी गाळतो. उकार, ए, ऐ आणि झ यांचेही असेच होते. गळालेल्या ठिकाणी काळ्या चौकटीत पांढरे प्रश्नचिन्ह उभे राहते. म्हणजे 'मराठी' तून 'ठ' जाण्याचा धोका, आणि 'कन्नड' मधला अर्धा 'न' सुटण्याचा. अशी गळालेली अक्षरे अंदाजाने भरता येतात, परंतु नावांच्या बाबतीत अंदाज करू नये. म्हणून शक्य तोवर नक्कल न करता मूळ पत्रावरच उपाय करावा.

कधीकधी पत्रात एकही चमत्कारिक चिन्ह नसते. नुसती इंग्रजी अक्षरे आणि अंक यांची न संपणारी ओळ असते. हा वेगळा प्रकार. ई-मेलची जुनी यंत्रणा १२७ च्या वरचे आकडे वाहून नेण्यासाठी बांधलेलीच नव्हती. १९९२ साली 'माइम' नावाची पद्धत आली. मोठे आकडे साध्या इंग्रजी अक्षरांत बांधून पाठवायचे आणि पोचल्यावर सोडायचे, अशी ही रीत. तिच्यातल्या 'बेस-६४' या बांधणीत तीन आकड्यांची चार अक्षरे होतात, म्हणून मराठी मजकूर 'चार, के, एस' ने सुरू होताना दिसतो. कन्नड 'चार, एल, के' ने. दुसऱ्या बांधणीत प्रत्येक आकड्याआधी बरोबरचे चिन्ह येते. असे पत्र म्हणजे न उघडलेले पार्सल होय. आतला माल धड असतो. पत्राच्या विषयाच्या ओळीत हे विशेष आढळते. चौकोनी खोकी दिसणे तर त्याहून निरुपद्रवी. त्या यंत्रावर मराठी टंक नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेच पत्र दुसऱ्या मोबाईलवर उघडावे.

जुन्या डीटीपी टंकांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि आपल्या भागात अजून तिच्याशी वारंवार गाठ पडते. श्रीलिपी किंवा डीव्ही-टीटी सुरेख यांसारख्या टंकांत, तसेच कन्नडच्या जुन्या नुडी टंकांत, मजकूर युनिकोडात नसतोच. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे असतात आणि टंक त्यांवर देवनागरी किंवा कन्नड आकार चढवतो. संगीत नाटकांतल्या स्त्रीपार्टी नटासारखे हे आहे. शालू नेसून रंगभूमीवर उभा असेपर्यंत तो नायिका. कपडे उतरवून घरी निघाला की मिशा काढलेला गृहस्थ. ई-मेलमध्ये पत्राबरोबर टंक जात नाही, म्हणून शालू छापखान्यातच राहतो. इथे अनुक्रमणिका बदलून काहीही होणार नाही. पाठवणाऱ्याला टंकाचे नाव विचारावे आणि त्या टंकाचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडात आणावा. नाहीतर पीडीएफ मागवून घ्यावी. आमच्या पहिल्या गोंधळाचे मूळही इथेच होते, कारण ती आदल्या वर्षाची फाइल अशाच टंकाची होती. म्हणूनच ती 'एएनएसआय' पद्धतीने साठवलेली होती आणि तिच्या जुन्या घरात युनिकोडचा 'म' शिरू शकत नव्हता.

आता प्रश्नचिन्हे. ज्या अनुक्रमणिकेत मराठी अक्षरच नाही तिच्यात मराठी मजकूर साठवायला सांगितले, की संगणक प्रत्येक खुणेच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहितो. पाच खुणांच्या 'मराठी' ला पाच प्रश्नचिन्हे, पाचच खुणांच्या 'कन्नड' लाही पाच, आणि त्यांत फरक काही उरत नाही. मूळ आकडा पुसला जाऊन तिथे प्रश्नचिन्हाचा ६३ हा आकडा बसतो. म्हणजे अनुक्रमणिका चुकलेली नसते, रोजमेळावरच शाई सांडलेली असते. विचित्र चिन्हांनी भरलेले पान पाहून लोक पत्र पुसून टाकतात, आणि प्रश्नचिन्हांचे स्वच्छ, नेटके पान पाहून "काहीतरी किरकोळ असेल" म्हणतात. वस्तुस्थिती नेमकी उलट. प्रश्नचिन्हे दिसली तर ती फाइल दुरुस्त करीत बसू नये. ताबडतोब पाठवणाऱ्याला गाठावे आणि त्याच्या पाठवलेल्या पत्रांतून मूळ प्रत पुन्हा मागवावी. तो आपली प्रत पुसण्याच्या आत.

हा धोका नोटपॅडपुरता नाही. एक्सेलमध्ये मराठी नावांची यादी करून ती साध्या 'सीएसव्ही' प्रकारात साठवली, तरी नावांची प्रश्नचिन्हे होतात. त्याऐवजी 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय आहे, तो घ्यावा. उलट, कोणी पाठवलेली यूटीएफ-८ यादी दोनदा टिचकी मारून सरळ उघडली आणि येन-युरोचा बाजार दिसला, तर ती न साठवता बंद करावी. मग 'डेटा' खालून 'टेक्स्ट-सीएसव्ही' च्या मार्गाने, ६५००१ क्रमांकाची युनिकोड अनुक्रमणिका सांगून, आत घ्यावी. शिष्यवृत्तीच्या आणि परीक्षेच्या याद्या आजकाल अशाच फिरतात. नाव प्रश्नचिन्हांत गेलेल्या विद्यार्थ्याला ते कळते फार उशिरा.

रुपयाचीही गंमत सांगण्यासारखी आहे, आणि ती गमतीपुरती राहत नाही. रुपयाचे नवे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडात आले. यूटीएफ-८ मध्ये त्याचे आकडे २२६, १३०, १८५. चुकीच्या अनुक्रमणिकेत त्यांचे होतात टोपीवाला 'ए', खाली बसलेले एकेरी अवतरणचिन्ह, आणि वर चढवलेला बारीक १. हा एक नेमका रकमेला चिकटतो. पाचशे रुपयांच्या आकड्यामागे लहानसा १ उभा राहतो, आणि घाईत वाचणाऱ्याला ते पंधराशे दिसतात. माझ्या एका वर्गमित्राने ई-मेलवरच्या पावतीतली रक्कम वहीत उतरवताना असाच हजार रुपयांचा फरक करून ठेवला आणि ताळा जुळेना म्हणून संध्याकाळभर डोके धरून बसला. तेव्हापासून मी ई-मेलमध्ये रक्कम लिहिताना 'रु.' असेच लिहितो, आणि पुढे अक्षरी रक्कमही.

त्या हरवलेल्या लेखाची फाइल मी अजून ठेवली आहे. मोकळ्या जागा टिकल्यामुळे शब्द मोजता येतात, वाक्ये कुठे संपली ते कळते. एका परिच्छेदात इंग्रजी अंकांत लिहिलेले 'दोन हजार एकोणीस' चे साल तेवढे वाचता येते, कारण ते अंक आस्कीतले. त्या पावसात काय झाले होते, ते प्रश्नचिन्हांत आहे.

या वर्षी तिने तो विषय पुन्हा लिहून दिला. पत्र उघडले, तर पानभर तिरक्या रेघांचे 'ए', मधे मधे येन, युरो आणि पाऊण! मला इतका आनंद झाला की मी मित्राला हाक मारून दाखवले. मूळ पत्र उतरवून घेतले, अनुक्रमणिका बदलली, आणि हलन्तासकट सगळी अक्षरे परत आली. लेख याच अंकात पुढे छापला आहे. आधीचा याहून चांगला झाला होता, असे ती म्हणते. मला आता ताडून पाहता येत नाही.